डॉ. हिदेत्सुगु यागी : छपराछपरावरचे नाव

थोर पुरुषांचे पुतळे चौकात उभे राहतात. जपानचे डॉ. हिदेत्सुगु यागी यांचे स्मारक मात्र एके काळी जगातील असंख्य घरांच्या छपरांवर उभे होते. एक आडवा दांडा आणि त्यावर ओळीने बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या! आपण तिला नुसतेच अँटेना म्हणत आलो. जगभरचे अभियंते तिला यागी या नावाने ओळखतात.

यागींचा जन्म २८ जानेवारी १८८६ रोजी ओसाका येथे झाला. १९०९ मध्ये टोकियोच्या विद्यापीठातून ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. १९१३ मध्ये उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले. तेथे ते बार्कहाउझेन यांच्याजवळ शिकले. पहिले महायुद्ध भडकले तेव्हा त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे इंग्लंडमध्ये फ्लेमिंग व अमेरिकेत पिअर्स यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात ते अध्यापन करू लागले.

त्यांच्याच विभागात शिंतारो उदा हे तरुण संशोधक होते. बिनतारी लहरी चहूकडे विखुरतात. त्या एकाच दिशेने कशा पाठवाव्यात, हा प्रश्न होता. उदांनी प्रयोगामागून प्रयोग केले. तारेला जोडलेली नळी एकच, लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची. तिच्या मागे किंचित लांब नळी ठेवली की ती लहरी परतवते. पुढे किंचित आखूड नळ्या ठेवल्या की त्या लहरींना वाट दाखवतात. पुढच्या नळ्या जितक्या जास्त, तितका दूरचा क्षीण संदेशही हाती लागतो. १९२६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आमचे गाव दौंड तालुक्यातले. आजोबांनी १९८७ साली पत्र्यावर बांबू बांधून अशीच अँटेना चढवली होती. तिचे तोंड सिंहगडावरील दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे केलेले असे. वाऱ्याने ती फिरली की एकजण वर चढे, एकजण खालून चित्र कसे दिसते ते ओरडून सांगे. आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण दिशा चुकली की चित्र जाते, हे शास्त्र त्यांना पक्के ठाऊक होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रयोग बहुतांशी उदांचे, मग नाव यागींचे कसे? उदांचे सविस्तर लेख जपानी भाषेत होते. यागींनी १९२८ मध्ये अमेरिकेत व्याख्याने दिली आणि इंग्रजीत लेख लिहिला. त्यात उदांच्या कामाचा मोकळेपणाने गौरव केला होता. पण पेटंटवर नाव एकट्या यागींचे होते आणि जगाच्या तोंडी तेवढेच बसले.

दैवाची थट्टा अशी की, खुद्द यागींनाही हेच भोगावे लागले. १९४२ मध्ये सिंगापूर जिंकल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिश रडारविषयीची टिपणे सापडली. त्यात यागी हा शब्द वारंवार येई. त्याचा अर्थ कुणालाच लागेना! अखेर एका ब्रिटिश युद्धकैद्याने सांगितले की, हे तर तुमच्याच प्राध्यापकांचे नाव आहे. घरच्या माणसाची ओळख शत्रूकडून पटावी, याहून मोठी शोकांतिका कोणती?

महायुद्धानंतर दिवस पालटले. १९५३ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली आणि छपरे नळ्यांनी भरून गेली. १९५६ मध्ये यागींना संस्कृती सन्मान मिळाला. उदा पुढे काही वर्षे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतही काम करून गेले. १९ जानेवारी १९७६ रोजी यागी वारले; त्याच वर्षी उदाही गेले.

मी आमच्या घरातला कॉलेजात आलेला पहिलाच. इंग्रजी आले नाही तर आपले काम कुणाला कळणारच नाही, ही भीती माझ्यासारख्या अनेकांच्या मनात आहे. उदांची कथा वाचून ती भीती आधी वाढली. पण विचार केल्यावर वाटले, ज्यावर सारे उभे राहिले ते काम तर स्वभाषेतच झाले होते! तेव्हा काम आपल्या भाषेत खुशाल करावे. जगाची भाषाही जिद्दीने शिकावी. आणि त्या भाषेत बोलण्याची संधी आपल्याला मिळाली, तर मागे राहिलेल्या सोबत्याचे नाव नुसत्या मजकुरात नव्हे, मथळ्यातच घालावे. आज पाठ्यपुस्तकांत यागी-उदा अँटेना असे जोडनाव छापतात. उशिरा का होईना, न्याय झाला.