दारावरचे संत

परक्याला घरात घेण्याविषयीचे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातले वचन आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकले आहे. संत अल्फोन्सो रॉड्रिग्ज यांनी ते दाराशी उभे राहून पाळले.

स्पेनमधील सेगोव्हिया येथे त्यांचा लोकरी कापडाचा व्यापार होता. तो बुडाला, पत्नी व मुले देवाघरी गेली. त्यांनी येशूसंघात प्रवेश मागितला. वय चाळिशीकडे झुकलेले, शिक्षण अर्धवट, प्रकृती तोळामासा. आधी नकारच मिळाला. अखेर १५७१ साली त्यांना ब्रदर म्हणून घेतले. पुढे मायोर्का बेटावर पाल्मा येथील कॉलेजचे दार त्यांनी कित्येक वर्षे सांभाळले.

घंटा वाजली की बाहेर प्रभूच उभा आहे असे मानून ते उठत, मग येणारा भिकारी असो की बडा पाहुणा. (जेवताना घंटा वाजली तर आपला चेहरा कसा होतो, हे घरच्यांनाच विचारावे!)

त्याच कॉलेजात शिकणाऱ्या पेद्रो क्लॅव्हेरला अमेरिकेत जाण्याची प्रेरणा कोणा प्राध्यापकाने नव्हे, या वृद्ध ब्रदरांनी दिली. कार्ताजेना बंदरात पेद्रोने आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची आयुष्यभर सेवा केली. अल्फोन्सो १६१७ साली वारले. १५ जानेवारी १८८८ रोजी पोप लिओ तेरावे यांनी दोघांनाही एकाच दिवशी संत म्हणून घोषित केले.