जदुनाथ सरकार

सर जदुनाथ सरकार (१० डिसेंबर १८७० – १९ मे १९५८) हे मोगल व मराठा कालखंडांचे व्यासंगी बंगाली इतिहासकार, इतिहासाचे प्राध्यापक आणि कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. औरंगजेबाच्या कारकिर्दीचा पाच खंडांतील इतिहास आणि मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा चार खंडांतील इतिहास हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. महाराष्ट्रात ते शिवचरित्रकार म्हणून आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांचे स्नेही म्हणून ओळखले जातात.

जन्म व शिक्षण

जदुनाथांचा जन्म राजशाही जिल्ह्यातील (आता बांगलादेश) कराचमारिया या गावी एका जमीनदार घराण्यात झाला. वडील राजकुमार सरकार यांना ग्रंथसंग्रहाची आवड होती. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १८९२ मध्ये ते एम.ए. झाले, तेही इतिहासात नव्हे, तर इंग्रजी साहित्यात. इतिहासाचा हा थोर अध्यापक इंग्रजीच्या वर्गातून पुढे आला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १८९७ मध्ये त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. त्या अभ्यासातून औरंगजेबकालीन भारताचा भूगोल, महसुलाचे आकडे व रस्ते यांविषयीचे त्यांचे पहिले पुस्तक १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले.

अध्यापन आणि संशोधन

कलकत्त्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी शिकवल्यानंतर १८९९ मध्ये ते पाटणा कॉलेजात गेले. नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी तेथेच घालवला. १९१७ ते १९१९ या काळात ते बनारस हिंदू विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते. त्यानंतर कटकचे रेव्हेन्शॉ कॉलेज आणि पुन्हा पाटणा असा त्यांचा प्रवास झाला.

त्या काळी भारतातील महाविद्यालयांत इतिहास म्हणजे नेमलेली पुस्तके शिकवणे आणि परीक्षेची तयारी करून घेणे, एवढेच काम असे. अध्यापकाने मूळ कागदपत्रे तपासून नवे काही लिहावे अशी अपेक्षा नव्हती आणि त्यासाठी पैसा किंवा सवड देण्याची व्यवस्थाही नव्हती. जदुनाथांनी हे काम नोकरी सांभाळून केले. पाटण्यात खुदाबक्ष ग्रंथालयाचा फारसी हस्तलिखितांचा अमोल साठा होता, हा त्यांच्या दृष्टीने मोठाच योग. त्याखेरीज भारतातील व युरोपातील ग्रंथालयांतून त्यांनी हस्तलिखितांच्या नकला मागवल्या आणि त्यांचा खर्च मुख्यतः आपल्या पगारातून केला. सुट्टीच्या दिवसांत ते किल्ले, घाट आणि रणांगणे पाहत हिंडत. सैन्य कोणत्या वाटेने गेले असेल हे भूमी पाहिल्याशिवाय लिहू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. फारसीबरोबरच मराठी, पोर्तुगीज व फ्रेंच या भाषाही त्यांनी साधनांसाठी आत्मसात केल्या.

औरंगजेबाच्या इतिहासाचे पहिले दोन खंड १९१२ मध्ये निघाले आणि पाचवा १९२४ मध्ये. पहिल्या पुस्तकापासून मोजल्यास या एका विषयावर त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खर्च केला. आधी साधने जमवावीत, ती पारखावीत आणि मगच लेखणी उचलावी, हा क्रम ते शिष्यांनाही सोडू देत नसत. शेरशाहावर ग्रंथ लिहिणारे कालिकारंजन कानुनगो आणि माळव्याच्या इतिहासाचे अभ्यासक, सीतामऊचे राजपुत्र रघुवीर सिंह हे त्यांचे दोन नामांकित शिष्य. रघुवीर सिंहांनी पुढे सीतामऊ येथे मोठा हस्तलिखितसंग्रह उभा केला. ती गुरूच्याच शिकवणीची फलश्रुती म्हटली पाहिजे.

महाराष्ट्राशी संबंध

सरदेसाई बडोदे संस्थानच्या सेवेत होते. कोणत्याही विद्यापीठात त्यांना प्राध्यापकपद नव्हते. तरीही जदुनाथांचे सर्वांत जवळचे सहकारी तेच ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी जुळलेला हा स्नेह अर्धशतक टिकला. मराठी साधनांसाठी जदुनाथ सरदेसाईंवर आणि फारसी साधनांसाठी सरदेसाई जदुनाथांवर विसंबत. निवृत्तीनंतर सरदेसाई कामशेतला राहू लागले, तेव्हा जदुनाथही तेथे मुक्कामाला येत.

शिवाजी महाराजांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बखरींपेक्षा समकालीन फारसी, इंग्रजी व पोर्तुगीज कागदांना त्यांनी अधिक वजन दिले, त्यामुळे पुण्याच्या इतिहासकारांत नाराजी उमटली. मराठी कागदपत्रांची पुरेशी दखल घेतली नाही, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. मात्र या वादामागे व्यक्तिगत चुरशीपेक्षा मोठा प्रश्न होता. शत्रूच्या दरबारात लिहिलेला कागद आणि आपल्या परंपरेने जपलेली कथा यांत विरोध आल्यास विश्वास कशावर ठेवावा? जदुनाथांचा कौल घटनेच्या सर्वांत जवळच्या काळातील कागदाला असे. हीच कसोटी त्यांना अन्यत्र उपयोगी पडली. महाराजांच्या आग्रा भेटीसंबंधी जयपूर दरबाराच्या कागदांतील राजस्थानी पत्रांचे महत्त्व त्यांनी ओळखले. त्या पत्रांनी मराठी वाचकाला प्रिय असलेला तो प्रसंग अधिक ठळक केला.

पुण्याचे पेशवे दफ्तर संशोधकांना खुले व्हावे म्हणूनही त्यांनी आपले वजन खर्च केले. त्यांच्या शिफारशीवरून हे काम सरदेसाईंकडे आले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. बाहेरच्या माणसाला हे काम मिळाल्याचे शल्य पुण्यात बरेच दिवस राहिले. पुढे पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे संपादनही या दोघांनी केले. त्यातील महादजी शिंदे यांच्यासंबंधीचा पहिला खंड जदुनाथांचा आहे.

कुलगुरुपद

१९२६ ते १९२८ अशी दोन वर्षे ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. आशुतोष मुखर्जींनी तेथे पदव्युत्तर विभाग उभारले होते. मात्र शिक्षकांची संख्या वाढली तरी संशोधनाचा दर्जा वाढलेला नाही, अशी टीका जदुनाथ पूर्वीपासून करीत आले होते. साहजिकच आशुतोषांच्या अनुयायांशी त्यांचे जमले नाही. शिस्त व काटकसर यांचा आग्रह त्यांनी धरला, पण माणसे जोडण्याची हातोटी त्यांच्याकडे नव्हती. एका मुदतीनंतर ते पायउतार झाले. १९२९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

निवृत्तीनंतरच मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास (१९३२–१९५०) लिहून झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा लेखक ऐंशीच्या घरात होते. ढाका विद्यापीठाच्या बंगालच्या इतिहासाचा दुसरा खंडही त्यांनी १९४८ मध्ये संपादित केला. १९५२ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

राजाचा स्वभाव आणि धर्मविषयक धोरण यांवर त्यांनी साम्राज्याच्या पतनाची भिस्त ठेवली. पुढील पिढीने ती मान्य केली नाही. सतीश चंद्र, अतहर अली आदींनी जहागिरींची टंचाई, सरदारांचे गट व महसूल यांकडे लक्ष वेधले. मुसलमानी अंमलाविषयीची जदुनाथांची काही विधाने आज एकांगी वाटतात. तथापि त्यांचा निष्कर्ष नाकारणाऱ्या अभ्यासकालाही त्यांनी उजेडात आणलेल्या अखबारांकडे व हस्तलिखितांकडे वळावेच लागते.

१९ मे १९५८ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथ व हस्तलिखितांचा संग्रह तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लेक टेरेस येथील त्यांच्या निवासस्थानी पुढे सामाजिक शास्त्रांची एक संशोधनसंस्था भरत असे.