इंदूरच्या दुर्गाबाई

अहिल्यादेवींचे नाव इंदूरच्या मराठी घरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. पण मराठी वाचकाला निसर्गाकडे पाहायला शिकवणाऱ्या दुर्गाबाई भागवत याच गावात १० फेब्रुवारी १९१० रोजी जन्मल्या, हे आपल्या मुलानातवंडांना ठाऊक असतेच असे नाही.

घर विद्येचे होते. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ. धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. दुर्गाबाई मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी मध्येच काही काळ शिक्षण सोडले आणि पुढे बौद्ध न्यायविचारावर संशोधन केले. नंतर लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी त्या मध्य प्रांतातल्या गोंडांच्या वस्त्यांतून हिंडल्या. तिथे रानातल्या कंदाची विषबाधा झाली. कित्येक वर्षे अंथरुणाला खिळावे लागले आणि डॉक्टरेट कायमची राहून गेली. ज्या रानावर त्यांनी जीव लावला त्यानेच एवढा घाव घातला. तरी त्यांचे निसर्गप्रेम आटले नाही.

१९५६ मध्ये त्यांचे 'ऋतुचक्र' प्रसिद्ध झाले. कालिदासाने सहा ऋतू गायिले. दुर्गाबाईंनी चैत्रापासून फाल्गुनापर्यंत आपले बारा मराठी महिने लिहिले. झाडाची पालवी, मोहोर, ढगांचे रंग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी टिपले आणि त्याला संस्कृत काव्याची व लोकजीवनाची जोड दिली. निसर्ग हा माणसाच्या सुखदुःखाचा नुसता पडदा नाही, त्याला स्वतःचे आयुष्य आहे, ही जाण त्या लेखनातून मिळते. पुढे 'व्यासपर्व'मध्ये त्यांनी महाभारतातली माणसे अशाच बारकाईने पाहिली. 'पैस' या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अमेरिकन विचारवंत थोरो त्यांना फार जवळचा. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे वॉल्डन तळ्याकाठी एकटा राहणारा, आणि अन्यायाला पाठबळ नको म्हणून कर नाकारून एक रात्र तुरुंगात काढणारा. त्याचे पुस्तक त्यांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणले.

तो विचार केवळ कागदावर राहिला नाही. १९७५ मध्ये देशात आणीबाणी होती आणि दुर्गाबाई कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा होत्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री. त्यांच्या समोरच बाईंनी बंदिवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. पासष्टी ओलांडलेली ही विदुषी डगमगली नाही. नंतर शासकीय मानसन्मानही त्यांनी दूरच ठेवले. जे दिसते ते खरे सांगायचे, ही पानाफुलांपाशी लागलेली सवय त्यांनी सत्तेसमोरही सोडली नाही.

७ मे २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता भाद्रपद आहे. गणपतीपुढे एकवीस पत्री वाहताना शमी कोणती, आघाडा कोणता, हे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येते? बाजारातून जुडी आणली की काम भागते. यंदा एक पान तरी मुलांच्या हातात देऊन त्याचे नाव सांगू या, ते कुठे उगवते ते दाखवू या. आपल्या गावच्या या लेकीचे स्मरण त्याहून चांगले कसे होणार?