मजूरमंत्री घडविणारी आग

दरवर्षी १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी देशभरातील अग्निशमन दले आपल्या मृत जवानांना मानवंदना देतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाला आग लागली, प्रचंड स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान त्यात मरण पावले. त्या दिवशी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच वेळी अमेरिकेच्या मजूरमंत्रिपदावर फ्रान्सिस पर्किन्स नावाच्या बाई होत्या. १९४२ ते १९४५ अशी तीन वर्षे या दोन मोठ्या देशांची मजूर खाती कोलंबिया विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांच्या हाती होती. त्यातल्या एकाचे चरित्र आपल्याला तोंडपाठ आहे. दुसरीचे आपल्यापर्यंत फारसे पोहोचलेले नाही. ते पोहोचले पाहिजे, कारण या बाईंना मजूरमंत्री घडविले ते एका आगीने, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

फ्रान्सिस पर्किन्स यांचा जन्म १० एप्रिल १८८० रोजी बोस्टनचा. बालपण वूस्टर या गावी गेले. वडिलांचा स्टेशनरीचा व्यवसाय होता, घर खाऊनपिऊन सुखी आणि देवभोळे. गरीब माणसे गरीब का असतात, असे लहानपणी विचारले की घरातून ठरलेले उत्तर मिळे : ती आळशी असतात, दारू पितात. आपल्याकडे यालाच गतजन्मीचे कर्म म्हणतात. शब्द निराळे, पण दोष गरिबाच्याच माथी मारण्याची युक्ती एकच. माउंट होल्योक महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकताना एका प्राध्यापक बाईंनी विद्यार्थिनींना आसपासच्या गिरण्या पाहायला धाडले, आणि तिथे या मुलीच्या मनातले घरचे उत्तर खोटे ठरले. यंत्रात कामगाराचा एक हात गेला की दारू न पिणारे, आळस न करणारे कुटुंबही रस्त्यावर येते, हे तिने पाहिले. गरिबी ही नशिबाने येत नाही, व्यवस्थेने येते, हा धडा तिने तिथे घेतला.

१९०२ साली पदवी घेऊन त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी शिकागोच्या हल हाउस या सेवासंस्थेत काम सुरू केले. १९०७ साली त्या फिलाडेल्फियाला गेल्या. परदेशातून आलेल्या गोऱ्या मुली आणि दक्षिणेतून आलेल्या काळ्या मुली यांना नोकरीचे आमिष दाखवून फसविणाऱ्या दलालांविरुद्ध तिथे त्यांनी काम केले. मग न्यूयॉर्कला येऊन १९१० साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. बाबासाहेब त्याच विद्यापीठात १९१३ साली दाखल झाले आणि १९१५ साली एम.ए. झाले. १९१० पासूनच पर्किन्सबाई ग्राहक संघाच्या सचिव म्हणून तळघरातल्या बेकऱ्या आणि शिवणकामाचे कारखाने पायाखाली घालीत होत्या, आणि स्त्रियांचे काम आठवड्याला ५४ तासांवर आणणारा कायदा व्हावा म्हणून आमदारांचे उंबरठे झिजवीत होत्या.

२५ मार्च १९११, शनिवार. पर्किन्सबाई वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आरडाओरडा झाला, बंबांच्या घंटा वाजू लागल्या, म्हणून त्या धावत गेल्या. दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रायँगल नावाचा बायकांचे झंपर शिवणारा कारखाना होता. आठव्या मजल्यावर चिंध्यांनी पेट घेतला होता. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण मुली कापड चोरून नेतील असा मालकांना संशय असे. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्याच्या वर पोहोचेना. मग मुली खिडक्यांतून उड्या टाकू लागल्या. पर्किन्सबाई खाली उभ्या राहून हे पाहत होत्या. १४६ जीव गेले. त्यात १२३ स्त्रिया होत्या, बहुतेक ज्यू आणि इटालियन वस्तीतल्या, नुकत्याच देशात आलेल्या तरुण पोरी.

यातली एक गोष्ट विसरता येत नाही. आगीच्या आदल्याच वर्षी, १९०९-१०च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या हजारो शिवणकाम करणाऱ्या मुलींनी संप केला होता. त्यात या कारखान्यातल्या मुलीही होत्या. त्यांच्या मागण्यांत सुरक्षित जागेचीही मागणी होती. मालकांनी युनियनला मान्यता दिली नाही. म्हणजे धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही, ज्यांना ठाऊक होता त्यांचे ऐकायला कोणी तयार नव्हते. पुढे मालकांवर खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यात १९१४ साली एका जिवामागे ७५ डॉलर देऊन प्रकरण मिटविण्यात आले. विम्याचे पैसे मात्र मालकांना त्याहून कितीतरी अधिक मिळाले होते. इमारत आगीला टिकेल अशी बांधलेली होती आणि ती टिकलीही. ती आजही उभी आहे. माल आणि भिंती यांचा विचार झाला होता, आतल्या माणसांचा झाला नव्हता.

इथून पर्किन्सबाईंच्या आयुष्याला दिशा मिळाली. शोकसभा झाल्या, मोर्चे निघाले, वर्गणी गोळा झाली. पण अश्रू सुकतात आणि कायदा राहतो, हे त्यांनी ओळखले. नागरिकांची सुरक्षा समिती स्थापन झाली, तिच्या त्या सचिव झाल्या. न्यूयॉर्क राज्याने १९११ सालीच कारखाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष रॉबर्ट वॅग्नर आणि उपाध्यक्ष अल स्मिथ हे दोघेही मुरलेले राजकारणी. पर्किन्सबाईंनी त्यांना अहवाल वाचायला दिले नाहीत, तर कारखान्यात नेले. भिंतीतल्या एका लहानशा भोकातून वॅग्नरसाहेबांना रांगत बाहेर काढले. बाहेर बर्फाने गोठलेली शिडी आणि ती जमिनीपासून बारा फुटांवर संपलेली. कारखान्याच्या कागदावर हाच आगीतून सुटण्याचा मार्ग होता. त्यानंतर त्या आमदारांना भाषण द्यायची गरज पडली नाही.

पुढच्या तीन-चार वर्षांत न्यूयॉर्क राज्याने तीसहून अधिक कामगार कायदे केले. कामाच्या वेळी दरवाजाला कुलूप नको, दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजेत, उंच इमारतीत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा हवी, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव ठराविक दिवसांनी झालाच पाहिजे, आणि हे सर्व पाहायला पुरेसे निरीक्षक हवेत. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला उतरले तेव्हा हे कायदे तिथे ताजे होते.

१९१९ साली गव्हर्नर झालेल्या अल स्मिथ यांनी पर्किन्सबाईंना राज्याच्या औद्योगिक आयोगावर नेमले. १९२९ साली गव्हर्नर रूझवेल्ट यांनी त्यांना राज्याचे औद्योगिक आयुक्तपद दिले. घरी दुःख कमी नव्हते. १९१३ साली त्यांचा विवाह झाला होता, लग्नानंतरही त्यांनी स्वतःचेच नाव चालविले. पतीला पुढे मानसिक आजार जडला, मुलगी लहान होती, आणि घर त्यांच्या पगारावर चालत होते. ४ मार्च १९३३ रोजी त्या अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. त्या देशाच्या मंत्रिमंडळातली ती पहिली स्त्री. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी रूझवेल्टसमोर कामांची यादी ठेवली आणि ती मान्य असेल तरच येते असे सांगितले. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, १९३८ चा किमान वेतन आणि बालमजुरीबंदीचा कायदा त्या यादीतून निघाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांच्या कामाचा एक भाग फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेत कारखाने आणि आगीची सुरक्षा ही राज्यांची आणि शहरांची बाब मानली जात होती. केंद्राने काय करायचे? आमच्या अखत्यारीत नाही असे सांगून हात झटकता आले असते. बाईंनी तीन वाटा काढल्या. १९३४ साली आपल्या खात्यात कामगार मानकांचा विभाग उघडला. तो राज्यांना नमुना नियम आणि निरीक्षकांचे प्रशिक्षण देऊ लागला. १९३६ साली असा कायदा झाला की सरकारी कंत्राट हवे असेल त्याने कामाची जागा सुरक्षित ठेवलीच पाहिजे. म्हणजे जिथे केंद्राचा पैसा, तिथे केंद्राची अट. आणि जिथे माल राज्याची सीमा ओलांडतो, तिथे १९३८ च्या कायद्याने देशभर एक किमान पातळी ठरवली. पुढे १९७० साली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा आणि १९७४ साली आग प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा तिथे झाला. त्याची पायवाट या बाईंनी पाडली होती.

आम्ही व्यक्तिपूजा करणारे नाही, म्हणून उणे बाजूही सांगितली पाहिजे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले. दक्षिणेतले काळे लोक बहुसंख्येने हीच कामे करीत होते. कायद्यात वंशाचे नाव नव्हते, पण ज्यांना सर्वांत जास्त गरज होती तेच दाराबाहेर राहिले. कायद्याची व्याख्या कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे वाचायची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली आहे. ती मित्रांचे कायदे वाचतानाही सोडायची नसते.

१९३९ साली एका कामगार पुढाऱ्याला हद्दपार करीत नाहीत म्हणून विरोधकांनी पर्किन्सबाईंवर महाभियोगाचा ठराव आणला. तो टिकला नाही. १९४५ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, पुढे काही वर्षे नागरी सेवा आयोगावर काम केले आणि अखेरपर्यंत कॉर्नेल विद्यापीठात शिकविले. १४ मे १९६५ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रूझवेल्टच्या सर्व सुधारणांचा आरंभ त्या स्वतः २५ मार्च १९११ या दिवसापासून मोजत.

आता आपल्याकडे पाहू. बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, १९४५ साली, केंद्रीय मजूर खात्यात कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय उघडले गेले. पर्किन्सबाईंनी जे १९३४ साली केले त्याच्याच जातीचे हे पाऊल होते. राज्यघटनेत स्फोटके, पेट्रोलियम आणि खाणीतली सुरक्षा केंद्राकडे आहे, कारखाने समवर्ती सूचीत आहेत. अग्निशमन सेवा मात्र १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत आली. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० पासून आहे, पण राज्याने आणि पालिकेने आपल्या नियमात घेतल्याशिवाय ती आपोआप बंधनकारक होत नाही. १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्या नागपुरात आहे. केंद्राने २०१९ साली राज्यांना नमुना अग्निशमन विधेयक पाठविले आणि २०२३ साली अग्निशमन दलांसाठी ५००० कोटींची योजना जाहीर केली. हे योग्यच आहे. पण बंब आग लागल्यावर येतो. दरवाजाचे कुलूप आग लागण्यापूर्वी कोणी काढायचे?

८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीत ४३ कामगार मेले. बहुतेक बिहारमधून आलेले, कारखान्यातच झोपलेले. १३ मे २०२२ रोजी दिल्लीच्याच मुंडका भागात २७ जण मेले, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. येण्याजाण्याचा रस्ता एकच, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नाही. ट्रायँगलला शंभराहून अधिक वर्षे झाली होती.

आणि याच काळात देशाने कोणता कायदा केला? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० कामगार असले की तो कारखाना ठरे, विजेविना २०. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. निरीक्षकाचे नावही निरीक्षक तथा सुविधाकार झाले. आम्ही वकिली करतो. नुकसानभरपाईच्या प्रकरणात मृताचे नाव हजेरीपटावरच नसते, हा अनुभव आम्हाला नवा नाही. वीस माणसे राबवायची आणि पटावर नऊ दाखवायची, ही रीत आकडा दहा असतानाच होती. आकडा वीस झाल्यावर एकोणीस दाखवायला मालकाला किती त्रास पडेल? पोटमाळ्यावर, बंद शटरच्या आत राबणारा माणूस कोण असतो, हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको. तो आपल्या वस्तीतला, मोहल्ल्यातला, पाड्यावरचा असतो.

म्हणून आमची समाजबांधवांना विनंती आहे. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक काढा, पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गाळ्यांत एकदा जाऊन या. दुसरा दरवाजा आहे का, तो बाहेर उघडतो का, त्याला कुलूप आहे का, आत प्रत्यक्ष किती माणसे आहेत, हे लिहून काढा. ती यादी अर्जासोबत पालिकेला, अग्निशमन दलाला आणि कामगार खात्याला द्या, पोच घ्या, आणि उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा. पर्किन्सबाईंनी आमदाराला भोकातून रांगायला लावले होते. आपणही आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला त्या जिन्यावर चढवून आणू या. मेलेल्यांची यादी करण्यापेक्षा जिवंत माणसांची यादी करणे केव्हाही चांगले. जयभीम.