शिलाहार राजा भोज व त्याचें घराणें

इतिहासाच्या पुस्तकांत आमच्या विद्यार्थ्यांस देवगिरि, विजयनगर व दिल्ली यांचीं नांवें वारंवार भेटतात; पण हिरण्यकेशीच्या कांठच्या आजऱ्याचें नांव त्यांत क्वचितच आढळतें. त्यामुळें आपल्या गांवास जुना इतिहासच नाहीं, अशी कित्येकांची समजूत होते. ती खरी नव्हे. सुमारें आठशें वर्षांपूर्वीं ज्या राजाच्या कारकीर्दींत आजऱ्याचें नांव एका संस्कृत ग्रंथांत कायमचें नोंदलें गेलें, त्या शिलाहार राजा दुसरा भोज याचें व त्याच्या घराण्याचें वृत्त आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. धारानगरीचा विद्वान् राजा भोज तो निराळा. तो परमार कुळांतला असून आमच्या भोजाच्या शंभराहून अधिक वर्षें आधीं होऊन गेला.

शिलाहार राजे आपला मूळ पुरुष जीमूतवाहन हा मानीत. गरुडाच्या भक्ष्यस्थानीं पडणाऱ्या एका नागाचे प्राण वांचविण्यासाठीं ज्यानें स्वतःचा देह गरुडापुढें ठेविला, तोच हा कथांतला जीमूतवाहन. या राजांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड असे. आपण तगर, म्हणजे आजचें तेर, या नगराचे मूळचे स्वामी, असें ते अभिमानानें सांगत; आणि आपलें वैभव कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या प्रसादाचें आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. शिलाहारांच्या दोन शाखा कोंकणांत होत्या. कोल्हापूर, मिरज व कऱ्हाड या भागावर राज्य करणारी ही तिसरी. हे राजे कल्याणीच्या चालुक्य सम्राटांचे मांडलिक होते. राजा मारसिंह याची कन्या चंद्रलेखा ही सम्राट् सहावा विक्रमादित्य याची राणी झाली. तिच्या स्वयंवराचें वर्णन काश्मीरचा कवि बिल्हण यानें आपल्या विक्रमांकदेवचरित या काव्यांत केलें आहे.

मारसिंहाचा पुत्र गंडरादित्य हा आमच्या भोजाचा आजा. त्यानें मिरज प्रांतांत गंडसमुद्र नांवाचा तलाव बांधिला व त्याच्या कांठीं शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांचीं देवालयें उभारून तिन्हींस जमिनी लावून दिल्या. इ. स. १११० च्या ताम्रपटांत ही हकीकत आहे. तलावाचें पाणी जसें सर्वांचें, तशी राजाची कृपाही सर्व पंथांच्या प्रजेवर असावी, हें त्यानें बोलून नव्हे तर करून दाखविलें. याच गंडरादित्यानें आर्जुरिका या गांवीं त्रिभुवनतिलक नांवाचें एक जिनालय बांधिलें. ही आर्जुरिका म्हणजेच आपला आजरा, असें विद्वान् मानतात.

गंडरादित्याचा पुत्र विजयादित्य हा पराक्रमी निघाला. ठाणें व गोवें येथील पदच्युत राजांस त्यानें पुन्हां त्यांच्या स्थानीं बसविलें. पण त्या काळीं चालुक्यांचें साम्राज्य खिळखिळें झालें होतें. कलचुरी बिज्जळ यानें आपल्याच स्वामीचें सिंहासन बळकाविलें, तेव्हां विजयादित्यानें बिज्जळास साहाय्य केलें. ज्या छत्राखालीं घराणें वाढलें, तें छत्र मोडण्यास घराण्याचाच हात लागला.

इ. स. ११७५ च्या सुमारास विजयादित्याचा पुत्र भोज गादीवर आला. त्यानें पन्हाळगडास राजधानीचा मान दिला. आपल्या शेजारचा सामानगड, तसेच भुदरगड, विशाळगड, रांगणा असे अनेक किल्ले यानेंच बांधिले, असें परंपरा सांगते. पुढें ११८७ च्या सुमारास त्यानें मांडलिकपण झुगारून पश्चिमचक्रवर्ती हें बिरुद धारण केलें.

त्याच काळीं युरोपांत सॅक्सनी व बव्हेरिया या दोन प्रांतांचा अधिपति हेन्री नांवाचा जर्मन ड्यूक होऊन गेला. पराक्रमामुळें त्यास सिंह म्हणत. सम्राट् फ्रेडरिक बार्बारोसा याच्याशीं वितुष्ट आल्यामुळें ११८० सालीं त्याचे दोन्ही प्रांत हिरावले गेले. हेन्रीच्या डोक्यावर बलिष्ठ सम्राट् होता, म्हणून तो पडला. भोजाच्या डोक्यावर कोणीच उरला नव्हता, म्हणून तो चढला. पण ज्याच्यावर स्वामी नाहीं, त्याच्या पाठीशींही कोणी नसतो, हें त्यास पुढें अनुभवावें लागलें.

भोजाचें राज्य केवळ तटाबुरुजांचें नव्हतें. कोल्हापूर येथील त्याच्या शिलालेखांत देवपूजा व अन्नदान यांसाठीं दिलेल्या जमिनींची नोंद आहे. ११९१ सालीं त्यानें कोंकणांतील कशेळी हें गांव बारा ब्राह्मणांच्या भोजनासाठीं दान दिलें. हें दान त्यानें आपला पुत्र गंडरादित्य याच्या विनंतीवरून दिलें. पणज्याचें नांव धारण करणाऱ्या राजपुत्रानें बापाजवळ मागितलें तें दुसऱ्यांच्या मुखीं पडणारें अन्न, ही गोष्ट आमच्या बालवाचकांनीं मनांत ठेवावी.

पुढें शके ११२७, म्हणजे इ. स. १२०५ मध्यें, सोमदेव नांवाच्या जैन पंडितानें आर्जुरिकेच्या त्या त्रिभुवनतिलक जिनालयांत बसून शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणावरील टीकाग्रंथ पुरा केला. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें गांवाचें नांव, जिनालयाचें नांव, तें बांधणाऱ्या गंडरादित्याचें नांव आणि त्या वेळीं राज्य करणाऱ्या वीरभोजाचें नांव लिहून ठेविलें. आज्यानें वास्तु उभारिली, नातवानें शांतता राखिली आणि पंडितानें ग्रंथ रचिला.

पुढें अवघ्या सातेक वर्षांत सर्व पालटलें. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचें बळ वाढत होतें. १२१२ च्या सुमारास त्यानें भोजाचा पाडाव केला, पन्हाळा घेतला व कोल्हापूरचें शिलाहार राज्य संपुष्टांत आलें. यादवांच्या लेखांत सिंघणास गरुडाची व पन्हाळ्यावरील भोजास सर्पाची उपमा दिली आहे. दैवाचा खेळ पहा! ज्यांच्या ध्वजावर गरुड होता, ज्यांचा पूर्वज नागासाठीं गरुडापुढें निजला, त्यांच्याच वंशजास सर्प म्हणविलें गेलें, आणि या वेळीं आड येण्यास कोणी जीमूतवाहन नव्हता.

पश्चिमचक्रवर्ती हें बिरुद पंचवीस वर्षांत विरलें. भोजाचे म्हणून सांगितले जाणारे किल्ले यादवांनंतर बहामनी, आदिलशाही व मराठे अशा अनेक धन्यांच्या हातीं गेले. पण एका पंडितास त्याच्या राज्यांत निर्वेधपणें लिहितां आलें, एवढी एक गोष्ट मात्र कोणा शत्रूस हिरावून घेतां आली नाहीं. आमचे विद्यार्थी सामानगडावर सहलीस जातील, तेव्हां त्यांनीं तट अवश्य पहावा. पण परत येतांना आजऱ्याच्या वाटेवर क्षणभर थांबून, येथें बसून व्याकरण लिहिणाऱ्या त्या सोमदेवाचीही आठवण करावी.