वेताळाचा जन्मदाता

पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी, खानदेशाची लाडकी 'पीजे', २०२० साली थांबली. शेंदुर्णीहून पहूरला येताना तिच्या डब्यात बसून ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचले, ती पिढी आता साठीच्या आसपास आहे. अंक एकच असायचा, त्यावर चार डोकी वाकलेली असायची आणि पान उलटण्यावरून भांडणे व्हायची. जळगाव-भुसावळकडून येणाऱ्या मामाने खाऊ आणला नाही तरी चालेल, पण वेताळाचा नवा अंक आणलाच पाहिजे, असा हट्ट असे. अंगाला घट्ट बसणारा वेष, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. हा वेताळ डेंकालीच्या घनदाट जंगलात कवटीच्या गुहेत राहतो, हे प्रत्येक पोराला ठाऊक होते. त्याला जन्म देणारा माणूस कोण, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. त्या माणसाचे नाव ली फॉक.

फॉक यांचा जन्म २८ एप्रिल १९११ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस शहरी झाला. मूळ नाव लिऑन ग्रॉस. इलिनॉय विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी एका जादूगाराची चित्रकथा रचली आणि सुरुवातीची चित्रेही स्वतःच काढली. ती घेऊन ते न्यूयॉर्कला 'किंग फीचर्स' या संस्थेकडे गेले. एकच चित्रकथा असंख्य वृत्तपत्रांना पुरविणे हा या संस्थेचा व्यवसाय. ११ जून १९३४ पासून 'जादूगार मँड्रेक' वृत्तपत्रांतून झळकू लागला. चित्रांचे काम फिल डेव्हिस यांच्याकडे गेले आणि फॉक यांनी पुढे आयुष्यभर लेखणीच हाती धरली.

या वेळची एक गंमत फॉक स्वतःच सांगत असत. दूरदेशीच्या साहसकथा लिहिणारा माणूस जग पाहिलेला हवा, म्हणून आपण मोठे प्रवासी आहोत अशी थाप त्यांनी ठोकून दिली होती. प्रत्यक्षात स्वारीने आपला मुलूख क्वचितच ओलांडला होता! पुढे कुणी खोलात जाऊन विचारले तर फजिती नको, म्हणून त्यांनी खरोखरच जगाचा प्रवास केला.

१७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचा दुसरा नायक अवतरला. इंग्रजीत तो 'फँटम', आपला वेताळ. सुपरमॅन आला तो १९३८ साली, म्हणजे वेताळ त्याच्याहून दोन वर्षांनी थोरला. अंगाला घट्ट बसणारा वेष आणि बाहुल्या न दिसणारा मुखवटा ही आज साऱ्या महानायकांची ओळख झाली आहे. ती रुळविण्याचा मोठा मान या जंगलवासी वीराकडे जातो. पण सुपरमॅनसारखे उडणे त्याला जमत नाही, आणि गोळी लागली तर तो मरतो. मग शत्रू त्याला एवढे का घाबरतात?

फॉक यांची खरी कल्पकता इथेच दिसते. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागला, आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. तो गेल्यावर त्याच्या मुलाने तोच वेष चढवला, मग नातवाने. आपण वाचला तो एकविसावा वेताळ. जंगलाला वाटते की हा चारशे वर्षे जगणारा अमर पुरुष आहे. खरे गुपित ठाऊक असते ते वेताळाच्या घरच्यांना, त्याच्या इमानी बांदार लोकांना आणि वाचकाला. बारा वर्षांच्या पोराला एवढ्या मोठ्या गुपितात सामील करून घेतल्यावर ते त्या वीराचे भक्त होणार नाही तर काय! पहूरहून अजिंठ्याची लेणी फार लांब नाहीत. तिथल्या भिंतींवरच्या जातककथांतही एकच बोधिसत्त्व जन्मामागून जन्म घेत चित्रांतून भेटत राहतो. चित्रांतून गोष्ट ऐकण्याची आणि देह बदलला तरी काम चालू राहते हे मानण्याची सवय आपल्याला जुनीच आहे.

भारतात हा नायक पुस्तकरूपाने घरोघर पोचला तो मार्च १९६४ पासून. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया समूहाने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले आणि पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाला दिले. पुढे ही मालिका मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली, मँड्रेकही आला, आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा देशी 'बहादूर' त्यांच्या पंगतीला बसला. आपल्याकडच्या संपादकांनी एक शहाणपण केले. मूळ कथेतला 'बंगाला' हा मुलूख आपल्या बंगालची आठवण करून देणारा, तर चाच्यांचे नाव 'सिंग'. ही नावे बदलून त्यांनी डेंकाली आणि सिंगा केली. नायकाला वेताळ म्हटले, ते तर फारच चपखल बसले. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आपल्याला माहीत होता, आणि गावच्या वेशीवर शेंदूर फासलेला, गाव राखणारा वेताळही माहीत होता. परक्या वीराला आपल्या वेशीवर जागा मिळाली.

मोठेपणी मात्र एक प्रश्न सतावतो. काळ्या माणसांच्या जंगलात गोरा माणूसच रक्षणकर्ता का? साहेबाच्या राज्यातून नुकतेच मोकळे झालेले आपण या गोऱ्या वीराच्या एवढे प्रेमात कसे पडलो? हा दोष झाकण्यात अर्थ नाही. १९३०च्या दशकातल्या अमेरिकेची नजर त्या कथांत उतरली होती. मँड्रेकचा साथीदार लोथार तर सुरुवातीला बिबट्याचे कातडे पांघरून मोडकेतोडके बोलणारा चाकर होता. पण फॉक त्या नजरेला चिकटून बसले नाहीत. आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले, तसा त्यांच्या काल्पनिक मुलुखातही लोकांनी निवडलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आला, डॉक्टर लुआगा. लोथार नीट बोलू लागला, मँड्रेकचा बरोबरीचा मित्र झाला. लेखकाने आपलीच जुनी चूक आपल्या हाताने सुधारावी, हे वरचेवर घडत नाही.

फॉक यांचा दुसरा जीव होता नाटकात. त्यांनी नाट्यगृहे चालवली, शेकडो नाटकांची निर्मिती केली, अनेक स्वतः बसवली. मार्लन ब्रँडोसारखा नट त्यांच्या नाटकात उभा राहिला. तरीही रोजची चित्रकथा त्यांनी सोडली नाही. वाचकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिलेले वेताळ आणि डायनाचे लग्न १९७७ साली लागले, पुढे जुळी मुले झाली आणि बाविसाव्या वेताळाची सोय झाली. साठ वर्षांहून अधिक काळ फॉक लिहीत राहिले. अखेरच्या आजारात, रुग्णालयातल्या खाटेवर, प्राणवायूचा मुखवटा बाजूला सारून ते गोष्टीचा मजकूर सांगत असत असे म्हणतात. १३ मार्च १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. चित्रकथा मात्र थांबली नाही, दुसऱ्या लेखकांनी ती पुढे चालवली. आपल्या नायकासाठी फॉक यांनी जी रीत घालून दिली होती, तीच त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली.

इंद्रजाल त्याआधीच, १९९० साली, बंद पडले होते. घराघरांतले अंक रद्दीत गेले, काही पावसाळ्यात भिजले, काहींना वाळवी लागली. उरलेले अंक शौकीन आज जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधत फिरतात, पहिल्या काही अंकांसाठी वाटेल ते मोल मोजतात. वाचकहो, तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत असा एखादा अंक असेल. मुखपृष्ठ गेलेले असेल, कोपरे दुमडलेले असतील, आत कुणा भावंडाचे नाव पेनने लिहिलेले असेल. तो रद्दीवाल्याला देऊ नका. सुटीत नातवंडे आली की त्यांच्या हाती द्या, शेजारी बसा, आणि एकविसाव्या वेताळाचे ते गुपित त्यांच्या कानात सांगा.