ताळा जुळला, पुढे काय?

राष्ट्राच्या संसाराची जमाखर्चाची वही मांडून देणारे सर रिचर्ड स्टोन यांचे चरित्र वरवर पाहता रुक्ष आकड्यांचे वाटेल. तरीही गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याने त्याचे मनन करावे, असे आम्हांस वाटते.

स्टोन १९१३ साली लंडनमध्ये जन्मले. वडील गिल्बर्ट स्टोन यांची १९३० साली मद्रासला न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, तेव्हा सतरा वर्षांचे रिचर्ड सुमारे वर्षभर हिंदुस्थानात राहिले. हेच गिल्बर्ट पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. चिरंजीवांनी मात्र केंब्रिजमध्ये कायदा सोडून अर्थशास्त्र धरले. १९४१ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, त्यांनी जेम्स मीड यांच्यासह ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब मांडले. १९४९ साली भारताने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ व राव हे तिचे सदस्य आणि परदेशी सल्लागारांत स्टोन होते.

एका उद्योगाचा माल दुसऱ्यात किती खपतो, हे आदान-प्रदान कोष्टक सांगते. ते नव्याने तयार करणे खर्चाचे काम. म्हणून १९६० नंतरच्या दशकात स्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती रूढ केली : जुने कोष्टक घ्यावे, नव्या वर्षाच्या बेरजा मिळवाव्यात आणि ओळी व रकाने आळीपाळीने गुणत दोन्हीकडचा ताळा जुळवावा. पुढे अभ्यासकांनी याच रीतीने देशाच्या कोष्टकावरून प्रांतांची कोष्टके अंदाजिली.

येथेच सावध व्हावयास हवे. हॉटेलांना रुपयामागे किती भाजी लागते, हे देशाचे कोष्टक सांगेल. ती आपल्या मळ्यातील की बेळगावहून घाट उतरून आलेली, हे सांगणार नाही. देशाच्या लेखी दोन्ही स्वदेशीच. गोव्याच्या लेखी मात्र एकीचा पैसा घरात राहतो, दुसरीचा घाटापलीकडे जातो. हा फरक न मोजता पर्यटनातून होणाऱ्या लाभाचे आकडे मांडले, तर ते फुगलेलेच निघणार. बेरजा जुळल्या म्हणून आतील प्रत्येक आकडा खरा ठरत नाही.

स्टोन यांना याची पुरती जाण होती. हिशेब जुळविताना भरवशाच्या आकड्याला कमी आणि संशयिताला अधिक हलवावे, हा त्यांचा दंडक होता. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९१ साली ते निवर्तले. त्यांची रीत आपण जरूर घ्यावी. परंतु नाक्यांवरून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची प्रत्यक्ष मोजदाद आपली आपणच केली पाहिजे. ती कोणतेही गणित आपल्यासाठी करून देणार नाही.